शेवटच्या गाडीच्या आत

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सासूबाईंचे रिपोर्ट घ्यायला गेले होते. खिडकी तीनला उघडते असं लिहिलेलं होतं, उघडली साडेतीननंतर. माझ्यापुढं पन्नाशीची एक बाई उभी होती. फिक्या जांभळ्या रंगाची सुती साडी, पायात रबरी चप्पल, हातात कापडाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत केसपेपर, आधार कार्ड, कागदात बांधलेली भाकर आणि सकाळचं एसटीचं तिकीट. ते तिकीट तिनं जपून ठेवलं होतं, का ते ठाऊक नाही. दर थोड्या वेळानं ती मान वळवून विचारायची, "ताई, किती वाजले?" चार वाजून गेले तशी तिची चुळबुळ वाढली. एकदा पदर खोचला, एकदा पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. आणि मग एकदम रांगेतून बाहेर पडली. "मी निघतो बाई आता. गाडी गेली त मंग रात्री कुठं राहू?" मी म्हटलं, थांबा, मी तुमचा कागद घेते आणि फोनवर फोटो पाठवते. ती म्हणाली, "फोटोचं का करू? डॉक्टरले दाखवा लागते ना." आणि भराभर जिन्याकडे गेली.

तिच्यापुढं तीन माणसं होती. फार तर पंधरा-वीस मिनिटांचं काम.

त्या बाईला कोणीही हाकललं नव्हतं, तिच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं, पैसेही कमी पडले नव्हते. तपासणी झाली होती, रिपोर्ट खिडकीच्या पलीकडे तयार पडलेला होता. तरी ती रिकाम्या हातानं गेली. दवाखान्याच्या रजिस्टरात फार तर एवढंच लिहिलं जाईल की रुग्ण परत आला नाही. गाडी चुकेल म्हणून गेली, असं लिहायला तिथं रकाना नसतो. रात्री स्वयंपाक करताना, भांडी आवरताना माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कारण मी त्याच वाटेवरची आहे. माझं माहेर उमरेड रोडवरून आत, फाट्यापासून सहा किलोमीटरवर. शेवटच्या गाडीच्या आत दिवस कसा बसवायचा असतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

शहरात राहणाऱ्याला हा हिशेब कळत नाही. बँक, तहसील, दवाखाना, कोर्ट, सगळं उघडून साहेब खुर्चीवर बसेपर्यंत अकरा वाजतात. गावाकडची परतीची गाडी नागपूरच्या मोरभवन स्टँडातून चार-साडेचारला निघते आणि तिला जागा मिळायची तर अर्धा तास आधी जाऊन उभं राहावं लागतं. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या हाती सरकारी दिवस येतो तो चार-पाच तासांचा, त्यातही जेवणाची सुट्टी आली. केवायसी अर्धी राहते, तारखेला वकील दुपारनंतर या म्हणतो तेव्हा पोटात गोळा येतो. गांधीबागेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं घासाघीस अर्ध्यात सोडतात. मुरलेला दुकानदार ते ओळखतो. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं की तो भाव उतरवायचं थांबवतो. आमच्या मामाला मी कुठल्याच लग्नात पंगतीला शेवटपर्यंत बसलेला पाहिलं नाही. मंगलाष्टकं झाली की तो आहेराचं पाकीट द्यायचा, कुणाच्या तरी हातून पत्रावळीत दोन बुंदीचे लाडू बांधून घ्यायचा आणि स्टँडकडे निघायचा. लोक म्हणायचे, याचा स्वभावच तुटक. स्वभाव तुटक नव्हता, गाडी पाचची होती.

आमच्या लहानपणी गावात मुक्कामी गाडी होती. ज्यांच्या गावात ती होती त्यांनाच त्या शब्दातली ऊब कळेल. रात्री आठच्या सुमारास नाल्याच्या चढावर गिअर बदलल्याचा आवाज यायचा, मग आंब्याच्या शेंड्यावर दिव्यांचा उजेड हलायचा आणि आई म्हणायची, "गाडी आली, भात लावा." गाडीतून फक्त माणसं उतरत नसत. वरच्या टपावरून सायकल उतरायची, खताच्या गोण्या उतरायच्या, इतवारीतून आणलेली गुळाची भेली यायची, कुणाचं औषध कंडक्टरच्या खिशातून यायचं. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या पडवीत झोपत. त्यांचं जेवण घरोघरी पाळीनं असे, आणि आमच्याकडं पाळी असली की आजी वांग्याच्या भाजीत तेल जरा सढळ घालायची. पहाटे साडेपाचला ती गाडी सुटायची. थंडीत इंजिन लवकर धरत नसे. मग तालमीतली पोट्टी हुप्प्या करत मागून धक्का मारायची, काळा धूर नाकातोंडात जायचा आणि सगळी गाडी थरथरत जिवंत व्हायची. दुधाच्या कॅन, मेथीच्या जुड्या, मिरचीची पोती आणि तालुक्याला शिकणारी आम्ही मुलं. कंडक्टरच्या पंचची टिकटिक आणि डबल बेल, यावर माझं कॉलेज झालं.

मुक्कामी गाडीचा खरा अर्थ मला फार उशिरा लक्षात आला. सकाळी निघणारी गाडी रात्री गावातच असते, त्यामुळे ती येईल की नाही हा प्रश्नच उरत नाही. आगारातून पहाटे निघणारी गाडी मात्र रोज येईल की नाही या चिंतेत ठेवते. आमची मुक्कामी फेरी कधी बंद झाली याची तारीख गावात कुणालाच सांगता येत नाही. आधी रविवारी येईना, मग रस्ता खराब म्हणून फाट्यावरून परत जायला लागली, मग एका पावसाळ्यानंतर आलीच नाही.

दुसरी वाट होती छोट्या लाईनची. इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी अडीच फुटी रुळांवरची गाडी. वेग इतका बेताचा की दारात बसलेल्या माणसाला शेतातला माणूस ओळखू यायचा, आणि दोघं चालत्या गाडीतून बोलायचेही. भिवापूरची मिरची तोडणीला आली की डब्यात चढताच नाकाला ठसका लागायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात ती गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंद रूळ हवेतच, त्यात वाद नाही. पण लाईन बंद करताना मधल्या वर्षांत त्या स्टेशनांवरची माणसं कशानं जातील, याचं उत्तर कुणी गावात येऊन दिल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर एकामागून एक आघात झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत एसटी थांबली. ती जेमतेम सावरते तोवर २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कामगारांचा संप सुरू झाला, आणि उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत कामगार हळूहळू कामावर परतले तेव्हा तो संपला. मी कामगारांना दोष देणार नाही. तुटपुंज्या पगारात, फुटक्या काचेतून येणारा पाऊस अंगावर घेत गाडी हाकणारे हे लोक आहेत, आणि त्या काळात त्यांच्यातल्या कितीतरी घरांवर जे कोसळलं ते आठवलं तरी जीव गलबलतो. पण या सगळ्यात आमच्या गावाची एसटीची सवय मोडली. सवय एकदा मोडली की फेरी पुन्हा सुरू झाली तरी माणूस फाट्यावर उभा राहत नाही. माणूस नाही म्हणून भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचं माप, घसरतं, भारमान घसरलं म्हणून फेरी बंद होते, आणि मग आगारातला साहेब खरंच सांगतो की त्या मार्गाला प्रवासी नाहीत.

मग आहे कोण? काळी-पिवळी जीप आहे, आणि तिला नावं ठेवायचं माझ्या मनात नाही. संपाच्या महिन्यांत तिनंच गाव तारलं. पण जवळून बघा. फाट्यावर पिंपळाखाली ती उभी असते. ड्रायव्हर शेजारच्या टपरीवर खर्रा घोटवून घेत असतो. मधल्या सीटवर चार जण, मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर आठ, पुढं ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण, त्यामुळे ड्रायव्हर अर्धा बसलेला आणि अर्धा शेजारच्याला रेललेला. "एक सवारी अजून, मंग निघून राहिलो," असं तो सांगतो. ती एक सवारी यायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. गाडी भरल्याशिवाय हलत नाही कारण डिझेलचा हिशेब त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असतो, त्याच्यामागं कुठलं महामंडळ नाही. परवान्यापेक्षा जास्त माणसं बसवल्याशिवाय हप्ता निघत नाही, आणि अपघात झाला की विम्याच्या दाव्यात नेमकी तीच गोष्ट आड येते. अंधार पडल्यावर तो फेरी मारत नाही, किंवा मारली तर पूर्ण गाडीचे पैसे मागतो. बाळंतीण अडली की तो जे मागेल ते द्यावं लागतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला मागच्या बाकावर अनोळखी गुडघ्यांमध्ये अंग चोरून बसावं लागतं. त्याबद्दल ती घरी काही बोलत नाही, कारण बोलली तर उद्यापासून कॉलेजच बंद होईल. मुलींच्या बाबतीत घरचे वाहतुकीची अडचण सोडवत बसत नाहीत, ते शिक्षण सोडवतात.

आणि मोटारसायकल. माझ्या मते खरी उलथापालथ तिनं केली.

आता आमच्या गावात घरटी एक दुचाकी आहे. हप्त्यावर घेतलेली, शोरूमचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली. तिच्यावर बुटीबोरीच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारी पोरं रात्री बारालाही घरी येऊ शकतात, कापसाच्या बोंडअळीवरचं औषध तासाभरात तालुक्यातून येतं. पण ती चालवतो कोण? घरातला पुरुष. कर्त्या पुरुषाची सोय झाली, आणि त्या दिवसापासून गावाच्या तोंडची एसटीची मागणी संपली. पूर्वी फेरी बंद झाली की सरपंचासकट वीस-पंचवीस माणसं निवेदन घेऊन आगारात जायची, प्रसंगी फाट्यावर गाडी अडवून बसायची. आता ग्रामसभेत बोलणारा प्रत्येक जण खिशात किल्ली घेऊन बसलेला असतो. गाडी लागते ती म्हाताऱ्यांना, शाळेच्या पोरींना, माहेरी जाणाऱ्या बायांना, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसांना. यांतलं कुणी ग्रामसभेत हात वर करत नाही. नवरा, मुलगा किंवा दीर रिकामा असेल तेव्हा मागच्या सीटवर बसून जायचं, नाहीतर घरी थांबायचं. दवाखान्यातली ती बाई एकटी का आली होती, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, पण अंदाज बांधता येतो. डिसेंबर होता. कापसाच्या वेचणीत रोज मोडून तिला घेऊन येणारं कोण असणार?

सरकारनं सवलती दिल्या त्या याच माणसांना, आणि त्या योग्यच दिल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागलं. त्याचा काय परिणाम झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. रामटेकच्या गडावर, कुहीजवळच्या आंभोऱ्याला, पंचनद्यांच्या संगमावर, आयुष्यात पहिल्यांदा चार मैत्रिणी मिळून गेलेल्या बाया मला भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं, कुणाला न विचारता घराबाहेर पडल्याचं. पण हे अर्धं तिकीट एसटीतच चालतं. ज्या गावात एसटी जात नाही तिथली बाई काळी-पिवळीत पूर्ण भाडं देते, तिथला ऐंशीचा म्हातारा फाट्यापर्यंत ऑटोला पैसे मोजतो आणि पुढं मोफत जातो. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे, पण फेरी रद्द झाली की तो पास दप्तरात राहतो आणि ऑटोवाल्याला रोख द्यावे लागतात. मागास तालुक्यांत मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या आल्या. ज्या वाटांवर त्या शाळेच्या वेळेला नेमानं धावल्या तिथल्या मुलींना दहावीनंतर घरी बसवणं बापाला अवघड झालं. गाडी वेळेवर आली एवढंच कारण पुरलं.

आगाराची बाजूही मी ऐकली आहे. माझ्या ओळखीतले एक निवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत. ते सांगत होते की महामंडळाकडं कोविडआधी जितक्या गाड्या होत्या तितक्या नंतर उरल्या नाहीत. जुन्या भंगारात गेल्या, नव्या त्या वेगानं आल्या नाहीत. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडायच्या, लग्नसराईत प्रासंगिक करार, म्हणजे वऱ्हाडासाठी भाड्यानं गाड्या, घ्यायचे, निवडणुकीत मतदान पथकं पोहोचवायची. यासाठी गाडी काढायची कुठून? नागपूर-पुणे, नागपूर-अमरावती मार्गावरून काढली तर उत्पन्न बुडतं आणि तक्रारीही होतात. मग काढतात ती खेड्याच्या फेरीतून. तिथं बोंबलणारं कुणी नसतं. प्रत्येक फेरीचं उत्पन्न किलोमीटरला मोजलं जातं आणि आतल्या गावची फेरी त्या मोजमापात कायम नापास होते. ते म्हणाले, "पण बाई, ती गाडी नसली तर पुढं मोठ्या गाडीत बसणारा माणूसच घरातून निघत नाही. हे कुठल्या तक्त्यात दाखवू?" मला तेव्हापासून वाटतं की ज्याला हे कळत होतं त्याला निर्णय घ्यायचा अधिकार कधीच मिळाला नाही.

याच वर्षांत आमच्या नागपुरानं काय काय पाहिलं! मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावायला लागली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि आता तो ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण आहे. शिवमडक्याला तो जिथं सुरू होतो तिथं उभं राहिलं की छाती भरून येते, मीही तिथं मुलांना घेऊन गेले आहे. पण त्या रस्त्याला कुंपण आहे. ज्यांच्या वावरातून तो गेला त्यांना त्याच्या काठावर उभं राहून गाडीला हात दाखवता येत नाही. हात दाखवला की थांबणारी गाडी हे खेड्यातल्या माणसाचं सगळ्यात मोठं सुख होतं. लांब पल्ल्याचे रस्ते झाले, आणि फाट्यापासून घरापर्यंतचे सहा किलोमीटर जिथल्या तिथं राहिले. एसटीच्या भाड्यात सहा किलोमीटर म्हणजे एक टप्पा. कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत तर संध्याकाळनंतर हा एक टप्पा पायी चालणं म्हणजे जिवावरचा खेळ. वाघ तिथं गोष्टीतला नसतो, परवा कुणाची तरी गाय नेलेली असते.

उपाय अवघड नाहीत, असं मला मनापासून वाटतं. चव्वेचाळीस सीटची गाडी परवडत नसेल तर वीस सीटची पाठवा. दिवसाला चार फेऱ्या जमत नसतील तर दोनच ठेवा, पण त्या कुठल्याही यात्रेसाठी, कुठल्याही कारणासाठी रद्द करू नका. सकाळची एक, आणि संध्याकाळी शहरातून सहानंतर निघणारी एक. काळी-पिवळीवाल्यांना हुसकू नका. त्यांना वेळ ठरवून द्या, माणसांची मर्यादा ठरवा आणि रिकाम्या फेरीची तूट भरून द्या. केरळात २०२२ मध्ये ग्रामवंडी नावाची योजना सुरू झाली. तिथं गाडी, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार आणि देखभाल राज्याच्या परिवहन महामंडळाची, आणि डिझेलचा खर्च स्थानिक पंचायतीचा. कुठल्या वस्तीत कधी गाडी जाईल हे पंचायत ठरवते. आपल्याकडं ग्रामपंचायती प्रवेशद्वाराच्या कमानी बांधतात, पेव्हर ब्लॉक बसवतात, तेव्हा पैसा अजिबातच नसतो असं नाही. गाडीचं डिझेल हा खर्च ग्रामपंचायतीचा आहे, असं कुणाच्या डोक्यात अजून आलेलं नाही, इतकंच.

जानेवारीत माहेरी गेले तेव्हा वहिनीच्या बचत गटात हा विषय काढला. मला वाटलं होतं बाया हसून सोडून देतील. तसं झालं नाही. एकीनं घरातून मुलाची जुनी दोनरेघी वही आणली आणि घरोघरी फिरून लिहून घ्यायला सुरुवात झाली. कोण, कुठं जातं, कधी जातं, आत्ता कशानं जातं, आणि गाडी असती तर गेली असती पण जात नाही अशी कामं कोणती. हा शेवटचा रकाना त्यांनीच काढला, मला तो सुचला नव्हता. वहीची अर्ध्याहून जास्त पानं त्या रकान्यानंच भरली. दात काढायचा आहे. बहिणीचं वर्षश्राद्ध राहिलं. पोरीला उमरेडला नर्सिंगला घालायचं होतं. जावयाच्या ऑपरेशनला जाता आलं नाही. चष्म्याचा नंबर. एका आजींनी नुसतं एवढंच लिहायला सांगितलं की नागपूर पाहायचं हाये.

ती वही घेऊन आठ-दहा जणी आगारात गेल्या. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, वही चाळली आणि विचारलं, रोज किती सवाऱ्या मिळतील? वहिनी म्हणाली, "साहेब, महिनाभर गाडी वेळेवर पाठवा, मंग मोजा. येनच नाही त मोजान कसे?" मार्चमध्ये संध्याकाळची फेरी सुरू झाली, सहा वाजता सुटणारी. पहिल्या आठवड्यात रिकामी आली, बाया विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात उभं राहायला जागा नव्हती. मेमध्ये शाळेच्या सुट्ट्या लागल्या, लग्नाचे करार आले आणि फेरी थांबली. शाळा उघडल्यावर बघू असं आगारातून सांगितलं आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याच्या आदल्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी सरपंचांनीही यायचं कबूल केलं आहे.